बुध्याचा सादडा

तीस वर्षांच्या ओळखीत बुध्या गावितने चहाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. दोन कप झाल्यावर "गुरुजी, आता अर्धाच" म्हणणारा हा माणूस. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो सकाळच्या गाडीने विसरवाडीला उतरला, फाट्यावरच्या लोटनच्या टपरीत माझ्यासमोर येऊन बसला आणि पुढे आलेला कप त्याने हाताने बाजूला सारला, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"काय व्हयनं भाऊ? च्या बी नको म्हणी ऱ्हायना?" लोटनने विचारलं.

बुध्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. हायवेवरून ट्रक जात होते. दोन ट्रक गेल्यावर तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "गुरुजी, रानपिंगळा सापडला."

घरात कोणी गेलं हे सांगावं, तसा आवाज.

"अरे मग पेढे वाट की!"

"माझ्या खालच्या शेतात सापडला. बांधावरच्या सादड्यात. ढोली आहे ना, त्यात. जोडी आहे."

मग मीही कप खाली ठेवला.

एका पाखरापायी दोन मोठ्या माणसांचा चहा का गार झाला, हे सांगायचं तर बुध्याची सगळी गोष्ट सांगावी लागेल. मी गिरधर. मूळचा तापीकाठचा, गुजरांच्या गावचा, म्हणजे केळी आणि कापूस यांच्याशिवाय तिसरा विषय नसलेल्या माणसांतला. बावीस वर्षं कुंडीपाड्याच्या शाळेवर मास्तर होतो. निवृत्त झाल्यावर भावांच्या केळीपुराणात परत जायचं जिवावर आलं, म्हणून विसरवाडीत खोली घेतली. स्वभाव चिडका आहे, हे बायको असेपर्यंत ती सांगायची, आता लोटन सांगतो.

कुंडीपाडा म्हणजे गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरात चाळीसेक घरं. निम्मी रविवारी प्रार्थनेला जातात, निम्मी वाघदेवाला नारळ फोडतात, आणि लग्नात व लाकूडफाट्याला सगळी एकच असतात. घरात मावची चालते. माझ्याशी ही माणसं माझ्याच शाळेतल्या मराठीत बोलतात, म्हणून पुढे सगळे मराठीत बोलताना दिसतील. गावामागे कुंडीचा डोंगर आणि त्याचं जंगल. सरकार आता त्याला संवर्धन राखीव करणार आहे. गावात त्याला नुसतं 'पार्क' म्हणतात. पार्क अजून कागदावर आहे, पण पाटी लागूनही गेली. पाटीवर बिबट्या आहे, मोर आहे, भेकर आहे. माणूस एकही नाही. ती पाटी पाहिली की माझं डोकं फिरतं, कारण त्या डोंगराचा इतिहास मला पाटीने नाही, बुध्याच्या घराने शिकवला.

बुध्याच्या आज्याने तिथे वाघ पाहिला होता. मोहाखाली बसलेला, शेपटी हलवत. बुध्याच्या बापाने वाघाची नुसती डरकाळी ऐकली, तीही लहानपणी एकदाच. बुध्याने वाघदेवाचा दगड तेवढा पाहिला. सागाचं तसंच झालं. आधी गाड्या भरभरून साग नवापूर स्टेशनला गेला आणि तिथून रेल्वेने कुठे कुठे गेला. मग कूप, म्हणजे सरकारी तोडीचे पट्टे, पडायला लागले, आणि बुध्याचा बाप मजुरीवर कुऱ्हाड चालवायला लागला. सरकारसाठी झाड पाडलं की मजुरी, स्वतःसाठी फांदी तोडली की गुन्हा. त्याला हा न्याय शेवटपर्यंत समजला नाही. मलाही समजलेला नाही, आणि मी तर मास्तर. पुढे तोड बंद झाली. बापाने जिथे साग पाडला, तिथेच बुध्याने रोप लावायला खड्डे खणले. आज्याने वाघ पाहिला, बापाने जंगल तोडलं, नातू ते राखायला उभा राहिला. एवढं सगळं एका घरात झालं.

आणि डोंगरउतारावर या घराची तीन एकरं. सातबारा नसलेली. कागदावर ती जंगलच आहेत, पण तिथे नागली आणि थोडं भात पिकवून हे घर पावसाळा काढत आलंय. इकडे नागलीचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात. म्हणजे उन्हाळ्यात जवळच्या झाडांच्या फांद्या छाटायच्या, रोपाच्या जागेवर पसरायच्या, वर पालापाचोळा आणि माती घालायची आणि पेटवायचं. राखेत रोप जोमाने येतं. फांद्या डोक्यावरून वाहाव्या लागतात, म्हणून झाड शेताच्या बांधावरचंच धरतात, आणि वर्षाआड त्याच झाडाला छाटतात. सादडा, म्हणजे ऐन, त्यासाठी उत्तम. बुध्याच्या बांधावर एक जुना सादडा आहे. छाटून छाटून त्याच्या अंगभर गाठी झाल्यात.

आता बुध्याची खरी चूक सांगतो. माझाही हात आहे तिच्यात.

दोन हजार तीनच्या सुमारास मी पाड्यावर प्रौढांचा वर्ग घ्यायचो. बुध्या तेव्हा तिशीत. बाप नुकता गेलेला. हा पठ्ठ्या दोन महिन्यांत सही शिकला. ती सही कुठे करू आणि कुठे नको असं त्याला झालं होतं. शाळेच्या भिंतीवर कोळशाने केली, म्हणून मी त्याला रागावलोही होतो. पुढच्या वर्षी वनखात्यात त्याला रोजंदारीवर राखणदाराचं काम मिळालं. खाकी शर्ट मिळाला. त्याच महिन्यात तेव्हाचे गार्ड पंचनामा करायला आले आणि त्यांनी उताराकडे बोट दाखवून विचारलं, "इथे काही पेरलंय का?"

पेरलेलं नव्हतं. बाप गेल्यापासून बुध्याने ती तीन एकरं विसाव्याला टाकली होती. उताराची जमीन अशी दोन-तीन वर्षं गवताला सोडावी लागते, नाहीतर माती धुऊन जाते. डोंगरातलं लहान पोरही हे जाणतं, म्हणून कोणी कोणाला सांगत नाही. बुध्या म्हणाला, "नाही साहेब." आणि खाली ऐटीत सही केली. कागदावर ओळ होती: सदर कक्षात लागवड आढळून आली नाही.

पुढे वनहक्काचा कायदा आला. डिसेंबर दोन हजार पाचच्या आधीपासून जमीन कसत असाल तर दावा करा, पट्टा मिळेल. बुध्याचा दावा मीच लिहिला, चांगल्या अक्षरात. तो फेटाळला गेला. कारण? दावेदाराचा स्वतःचा, स्वतःच्या सहीचा पंचनामा.

याच्यापुढची गंमत ऐका, म्हणजे माझ्यासारखे तुम्हीही चिडाल. खाकी शर्ट चढल्यावर बुध्या फार कडक राखणदार झाला. राब छाटणाऱ्यांना पकडायचा. जान्याकाका म्हणून त्याच्या बापाचा सावडीतला सोबती, म्हणजे दोन्ही घरं एकमेकांच्या शेतात मिळून राबायची, त्यालाही त्याने पहिल्या दोन वर्षांत तीनदा पकडून दिलं. बायकोच्या भावाला पकडून दिलं. गावात लग्नाची आवतणं येईनात. त्या सगळ्यांना दंडाच्या पावत्या मिळाल्या. आणि वनहक्काच्या दाव्यात दंडाची पावती हा पुरावा धरतात! अमुक साली तुला अमुक जागी पकडलं, म्हणजे तू तिथे कसत होतास. बुध्याने ज्यांना ज्यांना पकडलं, त्या सगळ्यांना पट्टे मिळाले. ज्याने आयुष्यात एक गुन्हा केला नाही, त्याच्याकडे पुरावा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

मी अपील लिहिलं. मग आणखी एक. वर्षं गेली. शेवटी फेरतपासणी लागली. साहेब जागेवर येऊन पाहणी करणार, आणि ती पाहणी आठ दिवसांवर असताना रानपिंगळा निघाला.

हा पक्षी शंभरावर वर्षं कोणाला दिसला नव्हता. संपला असंच सगळे धरून चालले होते. सत्त्याण्णव साली आपल्याच शहाद्याकडच्या जंगलात तो पुन्हा सापडला. काही वर्षांपूर्वी पक्ष्यांचे अभ्यासक कुंडीच्या डोंगरात आले, तेव्हा वाट दाखवायला बुध्या होता. त्यांनी त्याला ओळखायला शिकवलं: साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. हा दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो आणि शेपटी डावी-उजवी झटकतो. तेव्हा त्यांना नाही सापडला. पण सांगून गेले की कुठेही घरटं दिसलं तर त्याच दिवशी कळवा. ती जागा पार्कच्या आतल्या भागात जाईल. तिथे कोणी फिरकायचं नाही.

"कळवलं तर जमीन गेली," बुध्या म्हणाला. "आणि नाही कळवलं, तर मी कसला राखणदार?"

पार्क झालं तरी लोकांचे हक्क राहतात असं कायदा म्हणतो. मी त्याला तसं सांगूही लागलो होतो. मग लक्षात आलं की ज्याचा हक्कच मंजूर नाही, त्याचं काय राहणार? इकडे आड तिकडे विहीर. त्याच्या समोरचा चहा लोटनने ओतून टाकला.

तिसऱ्या दिवशी माझ्याने राहवेना. पाड्यावर गेलो. बुध्या मला बांधावर घेऊन गेला. अकरा वाजले होते, ऊन चांगलं तापलेलं. सादड्याच्या बुंध्यावर दोन पुरुष उंचीवर एक जाड फांदी कधीतरी तोडलेली होती, त्या जागी लाकूड कुजून ढोली पडली होती. शेजारच्या वाळक्या फांदीवर मुठीएवढं पाखरू बसलेलं. कोरं डोकं, पिवळे डोळे. आमच्याकडे सरळ बघत होतं. भ्यायचं काम त्याने आमच्यावर सोडलं होतं.

मागून बुध्याची बायको रूपीबाई आली. ही बाई बोलायला लागली की मी मास्तर आहे हे विसरतो.

"गुरुजी, याला सांगा. खाली ओला पाला पेटवते. दोन घटका धूर झाला की उडून जाईल. मारायचं नाही, नुसतं उडवायचं. पाहणी झाली की येऊ दे परत."

"आत अंडी आहेत," बुध्या म्हणाला. "मादी बाहेर येत नाही."

"मी तीन बाळंतपणं काढली, तेव्हा मला कोणी असं जपलं होतं?" तिने त्याला विचारलं. मग माझ्याकडे वळली. "वीस वर्षं याने खाकी घातली. सगळं गाव तोडलं. माझ्या भावाशी बोलणं तुटलं. मिळालं काय? शर्ट! आता जमीनही पाखराला द्यायची. ती ढोली काय देवाने पाडली? याच्या बापाच्या वेळी फांदी तोडली म्हणून पडली. आमच्या कुऱ्हाडीने त्याला घर झालं आणि ते आमचं घर उठवणार!"

मी वर पाहतच राहिलो. "रूपीबाई, फांदी कधी तोडली?"

"मी लग्न होऊन आले त्याच्या आधी."

म्हणजे तीस वर्षांच्या वर. माझ्या डोक्यात उजेड पडला. राबासाठी छाटलेलं झाड शेताच्या बांधावर असतं. शेत नसेल तर कोण मरायला तिथे राब करील? त्या गाठी, ती ढोली, हाच बुध्याचा पुरावा. कागदापेक्षा जुना. मी उड्या मारायचाच बाकी होतो. बुध्याचा चेहरा मात्र आणखी पडला.

"म्हणजे पाहणीला झाड दाखवायचं. झाड दाखवलं की पक्षी दिसणार. आणि कोणी तोडलं त्याला साक्षीदार लागणार. साठीच्या पुढचा."

"आहे कोण?"

"जान्याकाका. दुसरं कोणी उरलं नाही."

"मग विचार त्याला."

"कोणत्या तोंडाने?" बुध्या म्हणाला आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.

मग मीच जान्याकडे गेलो. तो अंगणात टोपली विणत होता. मी सगळं सांगितलं. पाखराचंही सांगितलं, लपवून काय मिळणार होतं? त्याने सगळं ऐकलं, बांबूची एक पट्टी दाताने सोलली आणि म्हणाला, "बघू."

"बघू म्हणजे येणार?"

"बघू म्हणजे बघू, गुरुजी."

ते पाच दिवस मला जेवण गोड लागलं नाही. सही मी शिकवली होती ना! अक्षरओळख म्हणजे उजेड, असं मी त्या वर्गात फळ्यावर लिहायचो. रोज सकाळी फाट्यावर गाडी लागली की बुध्या उतरतो का बघायचो. रूपीबाईने धूर केला असेल का? कोणा पोराने गोफण मारली असेल का? बुध्याने स्वतःच जाऊन कळवून टाकलं असेल का? तो एवढा सरळ आहे की मला त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती होती.

पाहणीच्या दिवशी दहा वाजता मी शेतावर हजर होतो. साहेब आले. घामाघूम, वाटेत चपलेचा पट्टा तुटलेला, पण माणूस वाईट नव्हता. बरोबर गार्ड उदेसिंग, धडगावकडचा, चार वर्षांपासून या बीटवर. गावच्या वनहक्क समितीचा सचिव सॅम्युअल फाइल घेऊन आला. गावातले पंधराएक जण जमले. मी मोजले, त्यांतल्या नऊ जणांना बुध्याने कधी ना कधी पकडलं होतं. जान्या सगळ्यांच्या मागे, दगडावर बसला होता.

सॅम्युअलने दावा वाचला. उदेसिंगने पंचनामा वाचला.

"ही सही तुमची?" साहेबांनी विचारलं.

"माझी," बुध्या म्हणाला. आज खाकी शर्ट त्याने धुऊन घातला होता.

"स्वेच्छेने केली?"

"हो. जमीन विसाव्याला होती, साहेब. पेरली नव्हती. खरं तेच सांगितलं."

"विसाव्याला होती हे कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. साहेबांनी शेताकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं. "आता कसताय ते दिसतंय. पण प्रश्न दोन हजार पाचच्या आधीचा आहे. दुसरं काही?"

रूपीबाई खाली मान घालून उभी होती. सादडा वीस पावलांवर. तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. बुध्याने एकदा तिकडे पाहिलं. तो गप्प राहिला असता तर पाखरू कोणाला कळलं नसतं, जमीन तर जायचीच होती.

"साहेब, ते झाड बघा," तो म्हणाला.

सगळे वळले. उदेसिंगला आधी दिसलं. "अरे बापरे," तो हळूच म्हणाला, आणि मग बुध्याकडे असं पाहिलं की मीच दोन पावलं मागे झालो. "कधीपासून?"

"आठ दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"भीती वाटली," बुध्या म्हणाला. मग त्याचा बांध फुटला. राब, गाठी, तोडलेली फांदी, कुजून पडलेली ढोली, सगळं त्याने एका दमात सांगितलं. "माझ्या बापाने ती फांदी तोडली, साहेब. रोपावर सावली पडते म्हणून."

साहेबांनी मान वर करून बराच वेळ झाड पाहिलं. "बाप वारला ना? मग हे बघितलेलं कोणी आहे का? वयस्कर?"

शेळ्यांच्या घंटा ऐकू येत होत्या. ते नऊ जण बुध्याकडे बघत होते आणि बुध्या जमिनीकडे.

मागे जान्या खाकरला. तंबाखू थुंकला आणि उठला.

"खोटं बोलतोय तो," जान्या म्हणाला.

मी डोळे मिटले.

"याच्या बापाने नाही तोडली. याचा बाप झाडावर चढायला भ्यायचा. वर मी चढलो होतो. तो खाली फांद्या ओढत होता, आणि हा तेव्हा पोरगा होता, हा वेचत होता. त्या सावडीत आधी याचा राब झाला, मग माझा. शाळेला पत्रे चढले त्या उन्हाळ्यात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "एक्क्याण्णव," मी म्हणालो. "शाळेच्या नोंदवहीत तारीख आहे."

"बाबा, तुम्ही गुन्हा कबूल करताय. कळतंय ना?"

"तीन पावत्या आहेत माझ्याकडे, याच्या कृपेने," जान्याने बुध्याकडे हनुवटी उडवली. "चौथी फाडा. आमच्या गावात पावतीवर जमीन मिळते."

लोक हसले. साहेबही हसले आणि लगेच गंभीर झाले. उदेसिंग झाडाखाली जाऊन आला होता. तो बुध्यावर चिडलेलाच होता, पण म्हणाला, "साहेब, सादड्याला एवढी ढोली पडायला पंचवीस-तीस वर्षं जातात. ते मी लिहून देईन." मग थांबून म्हणाला, "पण खालच्या फांद्यांवर नवे घाव आहेत. तीनेक वर्षांचे."

"ते मी केले," रूपीबाई मान वर करून म्हणाली. "रोपाला राख नव्हती."

"ती वर होती आणि मी खाकी घालून खाली उभा होतो," बुध्या म्हणाला. "दुसऱ्या कोणाला असतं तर पकडलं असतं. तिला नाही पकडलं. तेही लिहा."

उदेसिंगने लिहिलं. त्याला लिहावंच लागलं.

महिन्याभरात बुध्याचं काम गेलं. शर्ट परत द्यायला तो स्वतः गेला, इस्त्री करून. ढोलीतून दोन पिल्लं उडाली, त्याची नोंद उदेसिंगने केली. पट्टा दिवाळीनंतर आला, रूपीबाई आणि बुध्या दोघांच्या नावावर. तीन एकरांतून झाडाभोवतीचा तुकडा वगळलेला. तो पार्कमध्ये गेला.

मला वाटलं, संपली एकदाची काळजी. या मार्चमध्ये पाड्यावर गेलो तर बुध्या अकराच्या उन्हात बांधावर बसलेला. जोडी परत आली होती.

"पट्टा मिळाला ना रे? मग तोंड का असं?"

"झोप लागत नाही, गुरुजी. नवा राखणदार वर चढतच नाही. कोणीही कुऱ्हाड घेऊन येईल. आणि मी कोण अडवणार? मला काही अधिकार नाही." तो ढोलीवरची नजर न काढता बोलत होता. "आधी वाटायचं, पगार आहे म्हणून राखतो. आता पगार नाही तरी पाय इकडेच वळतात."

मी त्याच्या शेजारी बसलो.

तेवढ्यात रूपीबाई उतारावरून वर आली. डोक्यावर राबाचा हा एवढा भारा. फांद्या सगळ्या पळसाच्या, ओढ्यापलीकडच्या जान्याच्या बांधावरच्या. तिथून इथवर भर उन्हात चढाची वाट, तास तरी लागतो. सादडा तिच्या रोपाच्या जागेपासून वीस पावलांवर उभा होता, आणि दिवसभर तिथे बघायला खात्याचं काळं कुत्रं नसतं.

तिने भारा धाडकन टाकला, मान चोळली आणि मला म्हणाली, "बघा गुरुजी, त्या मेल्या पाखरापायी माझी मान मोडायची वेळ आली. सकाळपासून दुसरी खेप आहे ही."

मग बुध्याकडे वळून आवाज खाली आणून तिने विचारलं, "नराने आज काही आणलं का तिला?"

"सरडा आणला. मघाशी."

"कालपासून एकच?" ती म्हणाली, आणि पदराने घाम पुसत त्याच्या शेजारी ढोलीकडे बघत बसली.